टवका न उडवता

चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये लोक पुतळे बघतात. मला तिथल्या तुकड्यांच्या कडा बघाव्याशा वाटतात. नेकचंद सैनी हे सरकारी बांधकाम खात्यातले रस्ता निरीक्षक. १९५७ च्या सुमारास शहराच्या उत्तरेकडच्या झाडीत त्यांनी कुणाला न सांगता ही बाग रचायला घेतली आणि १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिचं बहुतेक सामान मोडतोडीचं आहे. फुटके कप, बशा, वॉशबेसिनचे तुकडे, टाइल्स, बांगड्या, विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर. यातला कुठलाही तुकडा जवळून पाहा. कड धारदार असते आणि फुटलेल्या भागावर शिंपल्यासारखे बाक उमटलेले असतात. मात्र एवढ्या हजारो तुकड्यांत वाकलेला कप एकही सापडत नाही. पितळेचा तांब्या पडला तर त्याला पोचा येतो. कपाला पोचा येतच नाही. तो एक तर अख्खा असतो, नाहीतर फुटलेला.

याच शहरात, आणि त्याच्या आसपासच्या गावांत, अशाच न वाकणाऱ्या जातीचे पदार्थ घेऊन ते घासत बसणारी माणसं आहेत. घासून घासून पृष्ठभाग इतका गुळगुळीत करायचा की उरलेला उंचसखलपणा अणूंच्या मापात मोजावा लागेल, हे त्यांचं काम. दहा सेंटिमीटर व्यासाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. ती मोठी करत करत मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत पोचेल एवढी केली, तर तिच्यावरचा एक नॅनोमीटरचा उंचवटा तेव्हा जेमतेम आठ मिलिमीटर भरेल. सह्याद्री नाही, घाट नाही, बांध नाही. अख्ख्या महाराष्ट्रात बोटाच्या जाडीहून मोठा उंचवटा नाही. ज्याला वाकणं ठाऊक नाही आणि जो फक्त फुटू शकतो, अशा पदार्थाला इथपर्यंत न्यायचं कसं?

चंडीगडच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेचं मोठं आवार आहे. गावात सगळे त्याला सीएसआयओ म्हणतात. संस्थेची स्थापना १९५९ मध्ये दिल्लीत झाली आणि १९६२ मध्ये ती या नव्या, अजून बांधकाम चालू असलेल्या शहरात आली. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या मदतीने तिच्या आवारात इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर सुरू झालं. देशाला स्वतःची उपकरणं बनवायची तर ती बनवणारे हात आधी घडवायला हवेत, हा त्यामागचा विचार. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं शेवटी हाताच्या आणि डोळ्याच्या शिस्तीवर उभं आहे. तेजस विमानाच्या वैमानिकासमोर जी पारदर्शक काच असते, आणि जिच्यावर वेग, उंची, दिशा असे आकडे समोरच्या आकाशातच लिहिल्यासारखे दिसतात, ती हेड-अप डिस्प्लेची यंत्रणा याच संस्थेने विकसित केली. तिचं उत्पादन शेजारच्या पंचकुल्यात भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये होतं. भिंगं, आरसे, सिलिकॉनचे परावर्तक घडवण्याचं आणि त्यावरच्या संशोधनाचं काम इथे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. काच आणि सिलिकॉन यांना पुस्तकी व्याख्येप्रमाणे कुणी सिरॅमिक म्हणणार नाही. पण घासणाऱ्याच्या हाताला काच, सिलिकॉन, नीलम, ॲल्युमिना आणि झिर्कोनिया ही सगळी एकाच कुळातली मंडळी. कठीण आणि ठिसूळ.

कठीणपणा आणि ठिसूळपणा एकत्र का नांदतात हे अणूंच्या पातळीवर दिसतं. धातूत अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकतात. एक थर सरकला, पुन्हा जुळला, पदार्थ वाकला आणि टिकला. ॲल्युमिनासारख्या सिरॅमिकमध्ये धन आणि ऋण भार असलेले अणू आलटून पालटून बसलेले असतात. थर एका घराने सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतो आणि ते एकमेकांना ढकलतात. सिलिकॉनमध्ये बंध ठरलेल्या दिशांनाच असतात. सरकायचं तर ते तोडावे लागतात. म्हणून असे पदार्थ ओरखड्याला दाद देत नाहीत. ॲल्युमिना पाणी दिलेल्या पोलादाच्या साधारण दुप्पट कठीण. मात्र एकदा तडा गेला की त्याला थांबवणारं आत काही नसतं. तडा पसरायला पदार्थ किती विरोध करतो हे मोजलं, तर हाच ॲल्युमिना साध्या पोलादाच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नाही.

आता त्यावर हिऱ्याचं चाक फिरवा. हिऱ्याचा प्रत्येक कण पृष्ठभागात रुततो. पाट्याला टाकी लावताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुढचं वेगळं समजावायला नको: छिन्नीचा प्रत्येक ठोका एक कपची उडवतो आणि मागे खड्डा ठेवतो. भरड चाक हेच करतं, फक्त ठोके दिसू नयेत इतके बारीक आणि मोजता येऊ नयेत इतके असतात. या ठोक्याच्या आत डोकावलं की एक विलक्षण गोष्ट दिसते. कण दाबत असतो तेव्हा त्याच्याखाली एक चीर सरळ खोल जाते. टवका मात्र तेव्हा उडत नाही. कण पुढे सरकतो, दाब सुटतो, आणि दबलेला भाग परत वर येऊ पाहतो. त्या ओढाताणीत आडव्या चिरा फुटतात, वळून पृष्ठभागापर्यंत येतात आणि मग टवका सुटतो. म्हणजे सामान निघतं ते दाब सुटताना, आणि दाबताना पडलेली उभी चीर मात्र आत तशीच राहते.

ही आत राहिलेली चीर या साऱ्या कामातली खरी अडचण आहे. वरून पृष्ठभाग कितीही चमकू द्या, खाली चिरांचं रान असू शकतं. १९२० मध्ये ॲलन ग्रिफिथ या इंग्लिश अभियंत्याने काचेच्या तंतूंवर प्रयोग करून दाखवलं की ठिसूळ पदार्थाची ताकद त्याच्या बंधांवर नव्हे, तर त्यातल्या सगळ्यात वाईट चिरेवर ठरते. तंतू जितका बारीक, तितकी मोठी चीर त्यात मावण्याची शक्यता कमी, म्हणून तो तितका मजबूत. त्यामुळे सिरॅमिकच्या बाबतीत पॉलिश ही शोभेची गोष्ट राहत नाही. एकाच मातीचे, एकाच भट्टीत भाजलेले दोन दांडे घ्या. एकाला लांबीच्या दिशेने घासा, दुसऱ्याला आडवं. वाकवून पाहिलं तर आडवा घासलेला लवकर मोडतो, कारण त्याच्या चिरा नेमक्या ताणाला सामोऱ्या उभ्या असतात.

चिरांच्या या थराचा पुरावा डोळ्यांनीही बघता येतो. काचेची पातळ चकती एकाच बाजूने घासली की ती वाकते. घासलेली बाजू फुगीर होते. घासलेल्या थरात दबलेला ताण साठतो, तो पसरू पाहतो आणि चकतीला वाकवतो. ट्वायमन या ब्रिटिश काचतज्ज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. चमक आणेपर्यंत पॉलिश केलं आणि तो थर निघून गेला की चकती पुन्हा सरळ होते. न वाकणारी काच अशी केवळ घासण्याने वाकते आणि पॉलिशने सरळ होते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मोडण्याचा प्रश्न कुठे जीवावरचा होतो हे चंडीगडमध्येच कळतं. सीएसआयओ या शहरात आली त्याच १९६२ साली इथे पीजीआय हे मोठं वैद्यकीय संशोधन केंद्र सुरू झालं. आज अशा मोठ्या रुग्णालयांत खुब्याचा सांधा बदलणं ही नेहमीची शस्त्रक्रिया आहे आणि त्या कृत्रिम सांध्याचा गोळा पुष्कळदा सिरॅमिकचा असतो. १९७० मध्ये पिएर बुतँ या फ्रेंच शल्यविशारदाने प्रथम ॲल्युमिनाचा सांधा माणसाच्या शरीरात बसवला. तीनएक सेंटिमीटर व्यासाचा तो गोळा पावलागणिक वाटीत फिरतो, वर्षाला लाखो वेळा. त्याचा खरबरीतपणा मायक्रोमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आत ठेवावा लागतो. नाहीतर समोरचं अस्तर झिजतं आणि झिजेचे कण हाडाला पोखरतात. आणि आतली एखादी चीर सुटली, तर गोळा फुटतो. माणूस चालत असताना.

इथे झिर्कोनियाची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या तिघांनी दाखवलं की झिर्कोनिया स्वतःच्या तड्याला अडवू शकतो. त्याचे स्फटिक एका अवघड, आखडलेल्या रचनेत धरून ठेवलेले असतात. तड्याचं टोक जवळ आलं की तिथला ताण त्यांना मोकळं करतो, ते दुसऱ्या रचनेत उडी घेतात आणि सुमारे चार टक्के फुगतात. हा फुगवटा तड्याला दोन्हीकडून आवळतो. मजा अशी की घासण्याचा ताणही हीच उडी घडवून आणतो. बेताने घासलेल्या झिर्कोनियाच्या पृष्ठभागावर त्यामुळे दबलेला थर तयार होतो आणि तुकडा घासून आधीपेक्षा मजबूत होऊ शकतो. बेताने हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. जोर वाढला की चिरा त्या थरापेक्षा खोल जातात आणि सगळा फायदा संपतो. खुब्याच्या आजच्या पुष्कळ गोळ्यांत ॲल्युमिनामध्ये झिर्कोनियाचे कण मुद्दाम मिसळलेले असतात.

घासायला काय वापरायचं? निसर्गाने आपल्याला कुरुंद दिला. धार लावणाऱ्यांच्या चाकात तो पिढ्यान् पिढ्या आहे. रासायनिकदृष्ट्या कुरुंद, माणिक, नीलम आणि खुब्यातला तो ॲल्युमिनाचा गोळा हे एकच द्रव्य. म्हणजे कुरुंदाने ॲल्युमिना घासणं ही बरोबरीची झुंज. त्याच्यापेक्षा कठीण कण माणसाने स्वतः बनवला तो १८९१ मध्ये. अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरा करू पाहत होता आणि हाती आलं सिलिकॉन कार्बाइड, म्हणजेच कार्बोरंडम. खरा कृत्रिम हिरा जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ च्या डिसेंबरात तयार झाला आणि तेव्हापासून कठीण सिरॅमिकला आकार देण्याचं काम कारखान्याच्या आवाक्यात आलं. या कहाणीत आपल्याकडचं एक गाव आहे. उरणजवळच्या मोऱ्याला १९४१ मध्ये दोन पारशी उद्योजकांनी ग्राइंडिंग व्हील बनवण्याचा छोटा कारखाना काढला. ग्राइंडवेल नॉर्टन हे आजचं मोठं नाव तिथून वाढलं. देशातल्या किती वर्कशॉपांत त्या किनाऱ्यावरची चाकं फिरली असतील!

घासण्याचा नेहमीचा क्रम ऐकायला सोपा आहे. आधी भरड कण, मग बारीक, मग त्याहून बारीक. पण प्रत्येक टप्प्याचं काम आकार देण्याइतकंच मागच्या टप्प्याने पाडलेल्या चिरा उपसून काढण्याचं असतं. घाई करून भरडावरून एकदम बारीक कणाकडे गेलात तर वर चमक येते आणि चिरा खाली गाडल्या जातात. दुर्बिणीचा आरसा हाताने घासणाऱ्या हौशी मंडळींना हे पक्कं ठाऊक असतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने अशा दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. कार्बोरंडमची पावडर, पाणी आणि काचेच्या दोन चकत्या. वरची चकती पुढेमागे सरकवायची, थोडी फिरवायची, आपणही टेबलाभोवती फिरायचं. कुठलंही यंत्र न लावता खालची फुगीर आणि वरची खोलगट होत जाते, दोन्ही अचूक गोलाच्या भागासारख्या. कारण कुठल्याही दिशेने सरकवलं तरी एकमेकांना सगळीकडे चिकटून राहतील असे पृष्ठभाग गोलाचेच असतात, किंवा मग सपाट. हाताची अचूकता हातात नसून भूमितीत असते. हाताने फक्त हालचाल सगळीकडे सारखी वाटायची.

तरीही टवक्यांचा प्रश्न उरतोच. कण कितीही बारीक केला तरी तो बारीक टवके उडवणार, असं वाटतं. इथेच निसर्गाने एक दार उघडं ठेवलं आहे.

कण किती खोल रुततो याला एक उंबरठा आहे. त्याच्या पलीकडे गेलात तर तडा जातो. अलीकडे राहिलात तर तडा जात नाही. सिरॅमिक चक्क धातूसारखं वागतं, दबतं, वाहतं आणि साल निघावी तसं निघतं. हे का होतं? तडा पसरायला नवे पृष्ठभाग तयार करावे लागतात आणि त्याला ऊर्जा लागते. अगदी लहान आकारमानात साठलेली ऊर्जा तेवढ्याला पुरत नाही. तिथे वाहून जाणं पदार्थाला स्वस्त पडतं. १९९१ मध्ये अमेरिकेत बिफॅनो, डाऊ आणि स्कॅटरगुड यांनी ठिसूळ पदार्थ घासताना हा उंबरठा किती खोल असतो याचं सूत्र मांडलं. पदार्थ किती ताठ, किती कठीण आणि तड्याला किती विरोध करणारा, एवढ्या तीन गोष्टींवरून तो काढता येतो. ॲल्युमिनासाठी उत्तर येतं मायक्रोमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकं, सिलिकॉनसाठी तर जेमतेम दहा-वीस नॅनोमीटर. केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतलं की ही खोली काय आहे ते समजतं. यंत्र इतकं ताठ हवं, त्याचं फिरणं इतकं निष्कंप हवं, की हिऱ्याचं टोक या उंबरठ्याच्या अलीकडेच राहील. मीटरभर लांबीच्या पोलादी पट्टीचं तापमान एका अंशाने वाढलं की ती दहा-बारा हजार नॅनोमीटरने वाढते. म्हणून अशा यंत्रांच्या खोलीत तापमान अंशाच्या काही भागाइतकं सांभाळावं लागतं.

सिलिकॉनच्या बाबतीत तर याहून अद्भुत काही घडतं. हिऱ्याच्या टोकाखाली दाब वातावरणाच्या लाखपटीहून जास्त चढतो आणि त्या दाबाखाली सिलिकॉन धातू होतं. शब्दशः. त्याची स्फटिकरचना बदलते, अणू जवळ येतात, वीज सहज वाहू लागते. टोकासमोरचा तो इवलासा भाग धातू झालेला असतो तेवढ्या क्षणात कापला जातो. टोक पुढे गेलं, दाब सुटला, की पुन्हा ठिसूळ सिलिकॉन. अशा कापणीत ठिसूळ सिलिकॉनमधून पितळेच्या कातकामातल्यासारखी सलग, वळलेली फीत निघू शकते. सीएसआयओच्या शास्त्रज्ञांनी सिलिकॉनचे आरसे हिऱ्याच्या एकाच टोकाने कातून बनवण्यावर बरंच संशोधन प्रसिद्ध केलं आहे. त्यातली एक अडचण ऐकून थक्क व्हायला होतं: जगातला सगळ्यात कठीण पदार्थ इथे हरतो. काही किलोमीटर लांबीची कापणी झाली की हिऱ्याची धार बोथट होते आणि मग पुन्हा टवके उडू लागतात.

कातलेल्या आरशावर अतिसूक्ष्म वळ्या राहतात, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा गोल, एकामागून एक. त्या इतक्या नियमित असतात की प्रकाश त्यांच्यावर फुटून रंग दिसतात. आरशासाठी हा दोषच. तो घालवायला जी पद्धत वापरतात तिच्या मुळाशी आहे चुंबकात घट्ट होणारा द्रव. जेकब रॅबिनो यांनी १९४८ च्या सुमारास अमेरिकेत असे द्रव शोधले: तेलात किंवा पाण्यात लोखंडाचे बारीक कण, चुंबक जवळ आणला की ते कण साखळ्या करून उभे राहतात आणि पातळ द्रवाचं लोण्यासारखं घट्ट द्रव्य होतं. १९८० च्या दशकात मिन्स्कमध्ये विल्यम कोर्डोन्स्की यांना सुचलं की यात घासणारे कण मिसळावेत. फिरत्या चाकावर हा द्रव पट्टीसारखा वाहतो, चुंबकाशी येताच घट्ट होतो, आरशावरून घासत जातो आणि पलीकडे पुन्हा पातळ होतो. या हत्याराला झीज नाही, कारण ते दर क्षणाला नवं असतं. त्याचा आकारही आरशाच्या आकाराशी आपोआप जुळतो. आरशाचा नकाशा आधी प्रकाशाने मोजायचा, कुठे किती नॅनोमीटर जास्त आहे ते काढायचं आणि त्या जागी तेवढा वेळ थांबायचं. सिलिकॉनवर हिऱ्याची कापणी आणि नंतर हे चुंबकी पॉलिश अशी जोडी लावून चंडीगडमध्ये काम झालं आहे. तिकडे पतियाळाच्या थापर संस्थेतही चुंबकी द्रवाने घासण्यावर काम चालतं.

नकाशा आधी, घासणं नंतर, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा मोठा आरसा अप्रतिम गुळगुळीत होता. पण मोजणारं उपकरण चुकीचं जोडलं गेलं होतं, म्हणून तो आरसा काठाशी सुमारे दोन मायक्रोमीटरने जास्त सपाट झाला. अचूकपणे, चुकीच्या आकारात.

जुने काच-कारागीर शेवटचं पॉलिश राळेवर करत आले, आणि पुष्कळ ठिकाणी आजही करतात. न्यूटनने आपल्या परावर्ती दुर्बिणीचा धातूचा आरसा राळेवरच चमकवला होता. राळ ठोकली तर काचेसारखी फुटते, ठेवली तर महिनोन् महिने हळूहळू वाहते. १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एका प्राध्यापकाने फनेलमध्ये राळेच्याच स्वभावाचं डांबर भरून ठेवलं. त्यातून जवळजवळ शंभर वर्षांत दहा थेंबही पडलेले नाहीत. याच गुणामुळे राळेचा तवा आरशाचा आकार हळूहळू घेतो, पण झटक्यात दबत नाही. त्याच १९२७ साली प्रेस्टन यांनी काच घासण्याचा नियम लिहिला: किती सामान निघेल ते दाब, वेग आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरतं. आजच्या संगणकी यंत्रांचा हिशेबही मुळात याच नियमावर चालतो. एवढ्या गुंतागुंतीच्या कामाला इतका साधा नियम लागू पडावा, ही निसर्गाची कृपा म्हणायची.

पण प्रेस्टनचा नियम सामान किती निघतं ते सांगतो, कसं निघतं ते सांगत नाही. आणि शेवटच्या टप्प्यावर कसं निघतं ते बघितलं की कठीण-मऊ ही आपली सगळी समजूत उलटी होते. नेहमीच्या खनिजांत नीलम हा हिऱ्याच्या खालोखाल कठीण. त्याला शेवटची चमक आणायला काय वापरतात? पाण्यात तरंगणारे सिलिकाचे कण. सिलिका म्हणजे वाळूचं द्रव्य, नीलमाहून कितीतरी मऊ. ते नीलमाला ओरखडा काढूच शकत नाही आणि म्हणूनच ते निवडलेलं आहे. अल्कधर्मी पाण्यात नीलमाच्या पृष्ठभागावर पाण्याशी संयोग झालेला अतिपातळ थर तयार होतो. घासताना सिलिकाच्या कणाशी त्याची रासायनिक गाठ पडते, दोघांचं मिळून नवं, मऊ द्रव्य बनतं आणि कण ते घेऊन निघून जातो. खालच्या नीलमाला धक्का लागत नाही. काचेसाठी सिरियम ऑक्साइड हेच करतं, आणि म्हणून चष्म्याच्या काचेपासून मोठ्या आरशापर्यंत सगळीकडे ती गुलाबीसर पावडर दिसते.

बॉल बेअरिंगसाठी बनणाऱ्या सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्यांवर ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत रंगा कोमांडुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात काम केलं. गोळे चुंबकी द्रवात तरंगवायचे, वरून हलका दाब द्यायचा आणि फिरवायचे. आधी कठीण कणांनी आकार, शेवटी सिरियम ऑक्साइड. सिलिकॉन नायट्राइडची पाण्याशी क्रिया होऊन त्यावर सिलिकाची साय येते, आणि पॉलिश त्या सायीचं होतं. खरबरीतपणा चार नॅनोमीटरपर्यंत उतरला. कठीण कणाने तिथे पोचता आलं नसतं, कारण त्याने निदान एक तरी ओरखडा मागे ठेवला असता.

चंडीगडला लागूनच असलेल्या मोहालीत हे रसायन रोजच्या कामात आहे. तिथल्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्रावर चिप बनतात. २०२५ मध्ये पुढे आलेला विक्रम ३२०१ हा अग्निबाणांसाठीचा प्रोसेसर तिथलाच. चिप म्हणजे थरावर थर. तारांचा एक थर घातला, त्यावर सिलिकाचा निरोधक थर चढवला, की खालचे उंचवटे वर उमटतात. त्यावर पुढचा नकाशा छापायचा तर प्रकाश एका पातळीत केंद्रित होत नाही. म्हणून प्रत्येक थरानंतर तबकडी पालथी करून फिरत्या मऊ गादीवर, सिलिकाचे कण असलेल्या पाण्यात घासतात. आयबीएममध्ये १९८० च्या दशकात ही पद्धत सुरू झाली, तेव्हा धुळीचा एक कण चालत नाही अशा खोलीत कोट्यवधी कणांचं पाणी आणायचं, ही कल्पनाच अनेकांना वेडेपणाची वाटली असणार. आज तिच्यावाचून गुंतागुंतीची चिप बनत नाही. हजारो नॅनोमीटरच्या थरांची ही रास सपाट राहते ती पाण्याने मऊ झालेला पृष्ठभाग हळुवार पुसून घेतल्यामुळे.

मग याच्या पुढे किती गुळगुळीत करता येईल? उत्तर नीलमानेच दिलं आहे. सिलिकाने उत्तम पॉलिश झालेला नीलम अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर ओरखडे दिसत नाहीत, खड्डे दिसत नाहीत. पायऱ्या दिसतात. रुंद, सपाट, एकसारख्या पायऱ्या आणि प्रत्येकीची उंची नॅनोमीटरच्या पाचव्या भागाइतकी, म्हणजे स्फटिकातल्या अणूंचा एक थर. त्या घासणाऱ्याने केलेल्या नाहीत. नीलम कापताना करवत स्फटिकाच्या पातळीशी तंतोतंत समांतर ठेवता येत नाही. अंशाच्या दहाव्या भागाइतकी जरी ती तिरकी गेली, तरी तेवढा कल भरून काढायला दर एकशेवीस नॅनोमीटरवर अणूंचा एक थर संपावाच लागतो. पॉलिश करणाऱ्याच्या हातचं सगळं संपलेलं असतं. पायऱ्या आणखी रुंद हव्या असतील तर करवत लावणाऱ्याला क्ष-किरणांनी स्फटिकाची दिशा पुन्हा मोजून घ्यावी लागते आणि तुकडा नव्याने कापावा लागतो.